माळ विकताना

फोनवर गिऱ्हाईक आधी एकर विचारतं, मग भाव, मग रस्ता. पाणी चौथ्या नंबरला येतं. गेल्या काही वर्षांत त्यात एका प्रश्नाची भर पडली आहे: "तिकडं जनावरं दिसतात का?" गाई-म्हशींबद्दल कोणी विचारत नाही. रोही, काळवीट, मोर, जमलंच तर बिबट्या. पूर्वी जमीन घ्यायला येणारा माणूस ही नावं ऐकून भाव पाडायचा. आता तो भाव चढवतो, आणि विकणारा गोंधळून माझ्याकडं बघतो.

मी देवगाव रंगारीत जमिनीचे व्यवहार जुळवतो. आमचं गाव कन्नड तालुक्यातलं, संभाजीनगरहून कसाबखेड्यावरून शिऊर बंगल्याकडं आणि पुढं नांदगावला जाणाऱ्या रस्त्यावरचं. शिवना नदीच्या अंगानं काळी जमीन आहे, तिथं कापूस, मका, कांदा, अद्रक. नदीपासून वर सरकलं की मुरूम लागतो, तरवड आणि बोरी लागतात, आणि मग नुसता माळ. आमच्या वडिलांच्या काळात मुलगी देताना सोयरे खालची जमीन किती ते मोजायचे, वरच्या माळाचं नाव कोणी काढत नसे. लासूरच्या बाजूनं समृद्धी महामार्ग गेला, डिसेंबर 2022 मध्ये नागपूर ते शिर्डी गाड्या धावू लागल्या, आणि मुंबई-पुण्याची माणसं नेमका तो वरचा माळ मागायला लागली. एका जागी, मोठा, डोंगर दिसणारा, शेजारी वस्ती नसलेला.

असा एक माळ मागच्या साली विकायला निघाला. चौघा भावांचा आणि त्यांच्या दोन चुलत्यांचा मिळून शंभर एकराच्या वरचा पट्टा, देवगावहून कन्नडच्या बाजूला. मधून एक ओढा, एका अंगाला दोन टेकड्या, ओढ्यावर बहात्तरच्या दुष्काळात रोजगार हमीवर खणलेला पाझर तलाव. थोरल्या भावाला सगळे आबा म्हणतात. विकायचं कारण त्यांनी मला बांधावर बसून सांगितलं. "हौस नाही बाबा विकायची. पोरं वाळूजला कंपनीत लागली. मका निसवला की रोह्याचा कळप उतरतो, रात्री डुकरं येतात. मचाणावर बसून रात्र काढायचं वय राहिलं का माझं?"

गिऱ्हाईक आलं ते फार लांबून. मूळचे आपल्याच जिल्ह्यातले एक गृहस्थ अमेरिकेत टेक्सासला राहतात, त्यांचे चुलतभाऊ पुण्यात. पुणेकर भावाकडं वैजापूर तालुक्यात थोडी वडिलार्जित शेती आहे. फोन टेक्सासहूनच आला. त्यांना रँच हवा होता, तोच शब्द त्यांनी वापरला. दोनशे एकर, एखादं तळं, लाकडी घर, सुट्टीत येऊन राहायचं, मित्रांना आणायचं, आणि शिकार. शेवटचा शब्द ते सहज बोलून गेले. तिकडं ती सहज गोष्ट आहे. टेक्सासात काळवीट 1932 साली नेऊन सोडले, त्याच सुमारास दक्षिण टेक्सासातल्या किंग रँचवर नीलगाई सोडल्या, म्हणजे आपले रोही. आज तिथं ही दोन्ही जनावरं खाजगी कुरणांवर हजारोंनी आहेत आणि मालकाला पैसे भरून त्यांची रीतसर शिकार होते. किंग रँच एकटाच सव्वाआठ लाख एकरांचा आहे. "आपल्या गावची जनावरं इथं बघतो, मग गावीच का नको?" असं ते म्हणाले. मला त्या माणसाचा राग आला नाही. गावाची ओढ होती त्यात. पण तीन गोष्टी त्यांना तिथल्या तिथं सांगणं भाग होतं.

पहिली ही, की परदेशात स्थायिक झालेल्या भारतीयाला इथं शेतजमीन विकत घेता येत नाही. फेमा कायद्याखालचे नियम तसे आहेत. घर घेता येतं, फ्लॅट घेता येतो. शेती, मळा, फार्महाउस नाही. वारसानं आलेली मात्र ठेवता येते. दुसरी, पुण्याचा भाऊ शेतकरी असल्यामुळं घेऊ शकतो, पण दोनशे एकर नाही. आपल्याकडं जमीनधारणेची कमाल मर्यादा 1961 च्या कायद्यानं आली आणि 1975 पासून ती आणखी खाली आली. कोरडवाहू असेल तर कुटुंबाला 54 एकर, बारमाही पाण्याची असेल तर 18. त्यात त्याची वैजापूरची शेतीही मोजली जाणार. आणि तिसरी, शिकार.

तिसरीवर आमचं बोलणं लांबलं, आणि इथंही मी जरा थांबतो, कारण शिकारीचा आमच्या या डोंगराशी जुना संबंध आहे. अजिंठ्याची लेणी 1819 साली मद्रास घोडदळाच्या जॉन स्मिथला दिसली ती वाघाच्या मागावर असताना. कन्नडहून चाळीसगावला उतरणाऱ्या घाटाला आजही औट्रम घाट म्हणतात. तो जेम्स औट्रम 1825 मध्ये खानदेशात भिल्ल पलटण उभी करायला आला आणि पुढच्या दहा वर्षांत त्याच्या हजेरीत 191 वाघ मारले गेल्याची नोंद आहे. 191! एका माणसाच्या शिकारींत, या एका मुलखात. निजामाच्या राज्यातही बड्या लोकांच्या शिकारी चालत. माझे वडील सांगायचे, पाहुणे शिकारीला आले की हाका घालायला गावातली माणसं धरून नेत आणि दिवसभर डबे बडवून त्यांच्या हाती काही लागत नसे. गौताळा औट्रमघाट अभयारण्य झालं 1986 ला, तोवर वाघ केव्हाच संपला होता. 2021 मध्ये टिपेश्वरहून चालत आलेला एक वाघ तिथल्या कॅमेऱ्यात दिसला, तेव्हा तालुक्यातला जो तो मोबाइलवर तो फोटो एकमेकांना दाखवत होता. मीही दाखवला. एवढा आनंद मला एखाद्या मोठ्या व्यवहारातही झाल्याचं आठवत नाही.

आता कायदा सरळ आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे. जमीन तुमच्या नावावर असली म्हणून तिच्यावरचं काळवीट तुमचं होत नाही. मारलेलं जनावरसुद्धा सरकारजमा होतं. काळवीट, लांडगा, बिबट्या हे पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यांच्या शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद आहे. पिकांचं नुकसान करणाऱ्या रोही आणि रानडुकरांपुरती वनविभागाची परवानगी मिळू शकते, तीही अटींवर, आणि ती मौजेसाठी नसते. टेक्सासचे गृहस्थ हे ऐकून बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग शेतकऱ्यानं करायचं काय?"

प्रश्न रास्त होता. आबांनीही मला तोच विचारला होता. रोह्यांचा कळप मक्यात शिरला तर तो खातो कमी आणि तुडवतो जास्त. भुईमुगाच्या शेतात डुकरांनी एका रात्रीत केलेली उकरण मी पाहिली आहे, सकाळी तिथं नुसती माती वर आलेली असते. पंचनामा होतो, भरपाई मिळते, पण कागद फिरेपर्यंत पुढची पेरणी येते. वैतागलेले लोक तारेत थेट लाइटीचा करंट सोडतात. त्यात डुकरं मरतात, तशी माणसंही मरतात, कधी तार लावणाऱ्याच्याच घरातलं. सोलरवर चालणारं झटका मशीन मिळतं, ते जीव घेत नाही, पण शंभर एकराला ते लावायचं तर आबांसारख्याला परवडत नाही. शहरातून जनावरं बघायला येणाऱ्याला हे माहीत असलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. ज्या रोह्याचा तो फोटो काढणार आहे, त्या रोह्याला वर्षानुवर्षं आबांनी चारलेलं आहे.

शिकार गेली, दोनशे एकर गेले, तरी पुण्याच्या भावाला जागा बघायचीच होती. टेक्सासचे गृहस्थ भावाला म्हणाले, तू घे, मी येऊन राहीन.

मग कागद सुरू झाले. मराठवाड्यात जमिनीचे कागद म्हणजे निजामाच्या काळापर्यंत मागं जाणं. नुसता सातबारा बघून इसार देणाऱ्याला मी दारातूनच परत पाठवतो. खासरा पाहणी पत्रक काढायचं, सेतवार काढायचा, मग त्याच्यापासून आजपर्यंतचे सगळे फेरफार एकामागं एक लावायचे. 1950 चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा इथं अजून जिवंत आहे. जुन्या पत्रकात संरक्षित कूळ म्हणून कोणाचं नाव निघालं, तर पुढच्या दहा खरेदीखतांना अर्थ राहत नाही. त्याच्याही मागचे काही कागद उर्दूत, फसली सालांचे. ते वाचून देणारी माणसं आता फार थोडी उरली आहेत. आमच्यासाठी खुलताबादचे एक वयस्कर चाचा वाचतात. चष्मा पुसून, बोटानं ओळ धरून, एकेक नाव दोनदा उच्चारून. त्यांनी एका पानावर बोट थांबवलं की माझ्या पोटात गोळा येतो.

या माळाच्या कागदात कूळ निघालं नाही. निघालं ते वेगळंच. पट्ट्याच्या मधोमध असलेला सहा एकराचा तुकडा सीलिंगमध्ये, म्हणजे कमाल मर्यादेच्या कायद्यात, निघालेला, भूमिहीनाला वाटप झालेला, भोगवटादार वर्ग 2 चा. आबांच्या वडिलांनी तो तोंडी व्यवहारानं कसायला घेतला होता. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय तो विकताच येत नाही, आणि विकायचा हक्क आबांचा तर मुळीच नाही. ज्या कुटुंबाला तो मिळाला होता ते तिथून कोसावर राहतं. आबा माझ्याबरोबर त्यांच्या घरी आले. चहा झाला. आबांनी स्वतःच सांगितलं, "तुकडा तुमचा आहे, मी नुसता कसत होतो. विकताना तुमच्या नावाला हात लावणार नाही." त्या घरातल्या म्हाताऱ्या बाईंना ते खरं वाटेना, त्या मला विचारत राहिल्या, "कागुद कुठंय त्याचा?" मी सातबाऱ्याचा उतारा काढून त्यांच्या हातात दिला. नाव त्यांच्या सासऱ्यांचंच होतं. वारसाची नोंद लावायला मी त्यांना तलाठ्याकडं घेऊन गेलो.

पाझर तलावाखालची जागा सरकारकडं गेलेली, ती विक्रीत धरता येणार नव्हती. टेकड्या सातबाऱ्यावर पोटखराब. विहिरी दोन, त्यातल्या एकीत चुलत्यांचा तिसरा हिस्सा आणि पाण्याची पाळी ठरलेली. हे सगळं काढल्यावर शंभरातले पुण्याच्या भावाला घेता येण्याजोगे आणि भावांनाही द्यायचे असे चाळीसेक एकर उरले. दोघा मधल्या भावांचे.

इसाराआधी मी घेणाऱ्याला एकदा जमिनीवरून चालवतो. गाडीतून नाही, पायी, चारी बांध. शेजारचे बांधकरी बोलावतो. चतुःसीमा कागदावर लिहिणं सोपं असतं. ती चालून पाहिली की जमिनीवर कोणाकोणाचा वावर आहे ते दिसतं. पुणेकर साहेब बूट घालून आले होते, बायको आणि दोन मुलं बरोबर. सकाळचा गारवा होता, कुसळी गवत पिवळं पडलेलं. मुलांच्या मोज्यांना कुसळं टोचत होती, तरी ती पुढं पळत होती, कारण ओढ्यात त्यांना लांडोर दिसली होती.

त्यांना माळ रिकामा वाटला होता. फोटोत मलाही तो रिकामाच दिसतो. चालताना एकेक जण भेटत गेला. वस्तीवरची पोरं पट्ट्यातून तिरकी शाळेला निघाली होती. सडकेवरून गेलं तर त्यांना दुप्पट चाल पडते. तांड्यावरची एक बाई गवताचा भारा बांधत होती. बोरीखाली मेंढपाळाचं बिऱ्हाड उतरलेलं, घोडं, कुत्री, पिंजऱ्यात कोंबड्या. दिवाळीनंतर ते दर साली इथंच उतरतात. भाऊ त्यांच्या मेंढ्या रानात बसवून घेतात, खताच्या बदल्यात ज्वारी देतात. कधीपासून, असं साहेबांनी विचारलं. मेंढपाळ म्हणाला, "माझ्या बापाला ठाव." लांडगा दिसतो का, असं मुलीनं विचारलं, तर त्यानं टेकडीकडं हात केला. बीळ तिकडंच आहे. कोकरू नेतो कधीमधी. "त्याचंबी पोट हाय, पोरी."

टेकडीखाली आल्यावर साहेब थांबले. त्यांच्या डोक्यात सगळ्या बाजूनं जाळीचं कंपाउंड होतं, आठ फुटी, कॅमेऱ्यांसह. मी त्यांना वाट दाखवली. वहिवाटीची वाट अडवली तर 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम 5 खाली तहसीलदारांकडं अर्ज जातो आणि अडवणाऱ्याला तो अडथळा काढावा लागतो. पण कलमाच्या धाकानं कोणी शेजारी होत नाही, हे मी त्यांना बोललो. जाळी मारली की रोही थांबणार नाही, तो वळसा घालून आबांच्या मक्यात जाईल. लांडगा टेकडी सोडेल. मेंढपाळ पुढच्या साली येणार नाही, म्हणजे खत गेलं. पोरं सडकेनं जातील. आणि ज्या जनावरांसाठी तुम्ही पुण्याहून आलात, ती जाळीच्या आत राहणार नाहीत.

"मग माझं काय उरलं यात?" त्यांनी विचारलं. आवाजात चीड नव्हती, खरोखर कळत नव्हतं त्यांना.

मी म्हटलं, पुष्कळ उरलं. घर बांधा. ओढ्याकाठी आंबा, चिंच, सीताफळ लावा. सरकारचं 2020 चं कृषी पर्यटन धोरण आहे, त्यात नोंदणी करून पाहुणे ठेवता येतात. बारामतीकडं पांडुरंग तावरे यांनी 2005 पासून हे करून दाखवलं आहे. वेरूळ इथून जवळ, पितळखोरा आणि पाटणादेवी एका दिवसात होतात. थंडीत हुरडा करा. संभाजीनगरची माणसं हुरड्यासाठी पन्नास किलोमीटर आनंदानं येतात. आगटीत भाजलेली कणसं, लसणाची चटणी, गूळ, ताक, एवढं असलं की माणूस संध्याकाळपर्यंत उठत नाही. आणि जनावरंच दाखवायची असतील तर पुणे वनविभागानं कडबनवाडी आणि शिर्सुफळला माळरानाची सफारी चालवली आहे, ती तुमच्याच पुणे जिल्ह्यात आहे, आधी बघून या. लांडगा, खोकड, तरस दाखवायला तिथं गावातलीच पोरं गाइड म्हणून तयार केली आहेत. येवल्याकडं ममदापूरचं काळवीट राखीव क्षेत्र तर आपल्या वैजापूरच्या शिवेपलीकडंच आहे.

ते कुटुंब कडबनवाडीला जाऊन आलं. त्यानंतर आलेल्या फोनमध्ये कंपाउंडचा विषय निघाला नाही, फक्त घर आणि बाग एवढ्यालाच तार लावू म्हणाले.

मधल्या काळात माळावर दुसरी मागणी आली होती, सौरऊर्जेवाल्यांची. सरकारच्या सौर कृषी वाहिनी योजनेत हेक्टरी सव्वा लाख रुपये वर्षाचं भाडं मिळतं, जमीन नावावर राहते, आणि कोरडवाहू माळात दुसरं कोणतं पीक एवढे पैसे देतं? धाकट्या भावाचं मन तिकडं ओढत होतं आणि त्याच्या जागी मी असतो तर माझंही ओढलं असतं. वीज उपकेंद्र लांब पडलं म्हणून ते जमलं नाही. मला हायसं वाटलं, हे लपवत नाही. वीज हवीच आहे, पण सौर पाट्यांच्या रांगा लागल्या की माळ पूर्ण बंद होतो, मग तिथं मेंढीही नाही आणि लांडगाही नाही. पडीक आहे म्हणून माळ आधी द्यायचा, या हिशेबात माळावर जगणारांचा हिशेब कोणी धरत नाही.

खरेदीखतात मी वकिलांना दोन गोष्टी सविस्तर लिहायला लावल्या. शाळेच्या पोरांची वाट, रुंदी आणि दिशा नकाशावर दाखवून. विहिरीतला चुलत्यांचा हिस्सा, पाळीच्या वारांसकट. मेंढपाळांचं खतात घालता येईना, तो हक्क म्हणून कुठं नोंदलेला नाही; मग साहेबांनी ते वेगळ्या कागदावर स्वतःच्या हातानं लिहून दोघा भावांना दिलं, की दिवाळीनंतर मेंढ्या बसतील आणि ज्वारी आम्ही देऊ. कन्नडला नोंदणी झाली. आबांनी त्यांचा वाटा विकला नाही. बांधाला लागून झटका मशीन बसवायचा निम्मा खर्च नवीन मालक देणार असं ठरलं, तेव्हा आबा म्हणाले, "दोन सालं बघतो आणखी."

टेक्सासच्या गृहस्थांचा परवा पुन्हा फोन आला. त्यांच्या आजोबांची वैजापूर तालुक्यात जमीन होती असं घरात बोललं जायचं, त्यातली भावाकडं आली, पण आणखी एक सर्व्हे नंबर होता म्हणे, त्यावर त्यांच्या वडिलांचं नाव लागायचं राहून गेलं असावं. विकत घेता येत नाही, वारसानं येते, हे माझं वाक्य त्यांनी लक्षात ठेवलं होतं. आजोबांचं पूर्ण नाव आणि गावाचं नाव त्यांनी पाठवलं आहे. 1954 चं खासरा पत्रक मागायचा अर्ज मी दिला. त्याच्या मागचा कागद निघाला तर तो उर्दूत असणार, म्हणून खुलताबादच्या चाचांना निरोप धाडला आहे. ते शुक्रवार सोडून कधीही या म्हणाले.